पाइप वर आला की जमीन बसली

वडवणीजवळच्या एका गावात मी दूध संस्थेचा सेक्रेटरी होतो. रिटायर होऊन वर्षं झाली, पण जुनी माणसं चहाला बसली की दुष्काळातला एखादा किस्सा निघतो आणि त्याच्या मागोमाग दुसरा. सगळे खरे आहेत. उलगडा मात्र फार उशिरा झाला.

*

संस्थेचं ऑफिस चिभडाच्या कडेला. चिभड म्हणजे पाणथळ जमीन. तिथं होळीपर्यंत पाणी साचलेलं असायचं, लव्हाळा माजायचा. दुष्काळात आम्ही तिथंच दोन बोअर पाडले आणि मोटर बंदच केली नाही. चिभड वाळून गेलं.

वर्षभराने ऑपरेटर बबन म्हणाला, "सायेब, बोअरचा पाइप वर यायलाय."

चेअरमन दगडूअण्णा म्हणाले, "कापून टाक."

कापला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वीतभर वर. अण्णांनी बबनलाच धरलं, "मागच्या साली नीट कापला न्हाईस का बे?"

*

मग ऑफिसचं दार लागेना. सुताराने तीनदा रंधा मारला. चौथ्यांदा आला तेव्हा दाराला हातच लावला नाही. "दारात खोट न्हाई, सेक्रेटरी. भिंती सरकल्यात."

तोवर दार इतकं तासलं गेलं होतं की कडी लावली तरी मांजर आरामात आत यायचं.

*

पुढचं माझ्या अंगावर आलं. दुधाच्या टाकीतली मोजपट्टी रोज जमा दुधापेक्षा जास्त दूध दाखवायला लागली. गावात बोललं गेलं, सेक्रेटरी पाणी घालतोय. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

कौसल्याबाई दोन म्हशींचं दूध घालायच्या. त्यांनी सगळ्यांसमोर टाकीशेजारी परात ठेवली आणि तांब्याभर पाणी ओतलं. सगळं पाणी मोजपट्टीच्या बाजूला जाऊन थांबलं.

"टाकीच कलंडलीय," त्या म्हणाल्या. "माणसाला का म्हून बोलता?"

*

शेवटी बीडहून एक इंजिनीयर आले. म्हणाले, "पाइप खाली खडकावर टेकलाय, तो जागेवरच आहे. तुम्ही पाणी उपसलं, माती आकसली, जमीन बसली."

अण्णांनी बाहेर येऊन पाइपकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे पाइप वर आला न्हाई, आमी खाली गेलो?"

"हो."

"मंग पाणी परत वतलं तर वर येऊ का?"

"बहुतेक नाही."

अण्णांनी त्यातलं 'बहुतेक' तेवढं धरून ठेवलं.

*

आठवड्याने त्यांनी ऑफिसच्या पायाखालच्या मातीत सोडायला टँकर मागवला. टँकर थांबायच्या आत बाया हंडे घेऊन हजर. कौसल्याबाई पुढे.

"अण्णा, हापीस खाली गेलंय, पर आमी वरच हाव. आदी आमाला पाणी द्या."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, टँकरकडे पाहिलं. मग चपला काढल्या, नळी स्वतः हातात धरली आणि शेवटचा हंडा भरेपर्यंत उभे राहिले.

तळाला बादलीभर पाणी उरलं. ते त्यांनी ऑफिसच्या कोपऱ्यात ओतलं आणि तिथंच उकिडवे बसून भिंतीकडे बघत राहिले. मी शेजारी जाऊन बसलो.

"सेक्रेटरी," ते हळूच म्हणाले, "थोडं वर आल्यासारखं वाटतंय का?"

मी भिंतीकडे नीट पाहिलं.

"वाटतंय," म्हणालो.