मोटारीने खाल्लेली हळद

लग्नाच्या दिवशी नवरदेवाने गंभीर दिसावं अशी अपेक्षा असते. मला ते जमलंच नाही. सकाळी अंगाला हळद लागली तेव्हापासून मी उड्या मारायचाच बाकी होतो, कारण दारात मोटार उभी होती आणि ती मला कोल्हारला, नवरीच्या गावी, नेणार होती.

मोटारीचा हट्ट माझाच. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा पोह्यांची बशी पुढे ठेवता ठेवता तिने मान खाली घालूनच विचारलं होतं, "नगरात मोटारी लई असत्याल न्हाई?" मुलीने तोंड उघडलं याचंच सगळ्यांना आश्चर्य. मी मात्र फुशारून म्हणालो, "लग्नाला मोटारीनेच येईन." तिला वडील नव्हते, घरात चुलत्यांचा शब्द चाले. ते खाकरले आणि म्हणाले, "बोललाय ते ध्यानात ठेवा म्हंजे झालं." त्यांच्या मनात दुसरंच स्थळ होतं, हे मला नंतर कळलं.

लढाई नुकतीच संपलेली. पेट्रोल परमिटावर. मोटार मिळवताना माझ्या चपला झिजल्या, पण मिळाली एकदाची. तिच्या पुढच्या बाजूला रेडिएटरची पितळी जाळी उघडी होती, आणि ती आमच्या ड्रायव्हरने चिंच लावून अशी घासली होती की तीत तोंड दिसावं. ड्रायव्हर नगरचाच, मुसलमान, गोष्टीवेल्हाळ आणि स्वतःच्या मोटारीवर बायकोपेक्षा जास्त जीव असलेला. हे तोच सांगे, बायकोसमोर.

वऱ्हाड आदल्या दिवशीच बैलगाड्यांनी गेलं होतं. मागे राहिलो तिघं. मी, माझे मामा आणि आत्या. आत्याच्या मांडीवर फडक्यात बांधलेली वाटी, तिच्यात उष्टी हळद. आमच्याकडे नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावतात, त्याशिवाय तिला मांडवात आणत नाहीत. ती वाटी वाटेत जमिनीला टेकवायची नाही, म्हणून आत्या वाटी सोडून दुसऱ्या कशालाच हात लावत नव्हती. मुहूर्त गोरज, म्हणजे दिवस मावळताना, आणि त्या हंगामातला तो शेवटचा. चुकला तर थेट तुळशीचं लग्न होईपर्यंत थांबा. चुलत्यांना तेवढा वेळ मिळाला असता तर माझी नवरी दुसऱ्याच्या मांडवात उभी राहिली असती.

निघताना मामा म्हणाले, "नारळ फोडल्याबिगर मोटार हलायची न्हाई." मामा तरुणपणी तालमीत घुमलेले. ड्रायव्हर तंबाखू आणायला गेला होता. नारळ फोडायला दगड शोधायचा, तर मामांनी तो शोधलाच नाही. नारळ उचलला आणि मोटारीच्या नाकावरच, त्या पितळी जाळीवर, दाणकन हाणला. नारळाची दोन शकलं झाली आणि पाण्याची धार लागली.

"पानी बघा किती हाय! लई शुभ!" मामा ओरडले. आत्याच्या हातात वाटी, तिला ओंजळ धरता येईना, म्हणून तिने मला धरायला लावलं. मी तीर्थ म्हणून प्यायलो. जरा कोमट आणि गंजट लागलं, पण त्या दिवशी मला चुनाही गोड लागला असता. ड्रायव्हर परत आला तोवर खोबरं वाटून झालं होतं.

विळदचा घाट उतरून पुढे गेलो आणि मोटारीच्या तोंडातून वाफ यायला लागली. ड्रायव्हरने उतरून ओलं गोणपाट टाकून झाकण सोडलं, आत वाकून पाहिलं, मग जाळीवर बोट फिरवलं. बोट ओलं झालं. जाळीला चिकटलेली नारळाची शेंडी त्याने चिमटीत धरून आमच्यासमोर नाचवली.

"जाळीला भोक पडलंय! ह्ये कुनी केलं?"

मामा आकाशाकडे बघायला लागले. मी मात्र, देवाशपथ, हसलो. मी मोटारीचं इंजिन गार ठेवणारं पाणी तीर्थ म्हणून प्यायलो होतो!

हसू फार टिकलं नाही. जवळच्या विहिरीवरून मामांनी कळशीने पाणी आणलं. इंजिन निवल्यावर ड्रायव्हरने ते भरलं आणि भोकात धुण्याचा साबण कोंबला. थोडं अंतर गेलो, साबण वितळला, पुन्हा वाफ. दिवस कलत होता. राहुरी पुढे होती, आणि मोटार अशी की पुढे सरकायलाच तयार नाही.

"कनीक हाय का? बाजरीचं पीठ?" ड्रायव्हरने विचारलं. "पान्यात टाकलं की भोकात जाऊन बसतं. न्हाईतर हळद."

हळद म्हटल्याबरोबर आम्ही तिघांनी वाटीकडे पाहिलं. आत्याने ती पदराखाली घेतली.

"मेले तरी द्यायची न्हाई. नवरीची हाय ती."

"आत्या," मी म्हणालो, "मोटार इथेच राहिली तर हळद कुणाला लावणार? मला परत?"

आत्याचे डोळे भरले. शेवटी तिने फडकं सोडलं. "निम्मी घाला. निम्मी ठेवा," ती म्हणाली आणि वाटी मामांच्या हातात दिली.

निम्मं हा शब्द मामांना कधीच कळला नाही. त्यांनी अख्खी वाटी रेडिएटरमध्ये पालथी केली, आणि काही वाया जाऊ नये म्हणून वाटी पाण्याने विसळून तेही आत ओतलं.

आत्या मामांना जे बोलली ते मी लिहीत नाही. पण गळती थांबली! आधी पिवळी धार, मग थेंब, मग थेंबही नाही. ड्रायव्हरने टाळी वाजवली आणि मोटार अशी पळवली की राहुरी कधी आली नि गेली कळलं नाही. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही.

कोल्हारला पोचलो तेव्हा गुरं परतायची वेळ झाली होती. चुलते दारातच उभे. "हळद कुठाय?"

आत्या डगमगली नाही. तिने वाटी ड्रायव्हरपुढे धरली. "काढा." ड्रायव्हर मोटारीखाली सरपटला, रेडिएटरचा नळ सोडला आणि वाटी भरून दिली. आतला रस तांबूस पिवळा होता, वर तेलाचा तवंग, आणि वाफ निघत होती.

चुलत्यांनी वाटीत पाहिलं. "ही हळद न्हाई, मोटारीचा काढा हाय. आसलं आमच्या पोरीला लागनार न्हाई. लगीन ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात दाराच्या आतून आवाज आला, स्पष्ट, जरासुद्धा न घाबरता.

"काका, त्यांनी मोटारीनं यीन म्हनलं हुतं, मोटारीनं आले. हळद बी मोटारीनंच आली. लावा मला, गार व्हायच्या आत."

चुलते दारातून बाजूला झाले.

अंतरपाट दूर झाला तेव्हा ती समोर होती. गाल विटकरी रंगाचे, कपाळाच्या कडेला गंजाचा एक कण चिकटलेला. इतकी सुंदर नवरी मी तोवर पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. वाजंत्री जोरात सुरू झाली होती, त्यामुळे आमचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही.

"मोटारीतच जायाचं ना परत?" तिने विचारलं.

"हो, पण वाटेत पुन्हा गळेल. नळ सोडल्यावर हळद निघून गेली."

"मग माझ्या ओटीत हळकुंडं हायेत की," ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात हार घातला.