टिटवीची जागा

वखर हाकताना टिटवीची अंडी दिसली की वडील बैल थांबवून वखर उचलत आणि पलीकडे नेऊन टेकवत. मधला तुकडा तणासकट तसाच राही. आमच्या घरी त्याला टिटवीची जागा म्हणत. वडील गेले, घरी ट्रॅक्टर आला, तरी थोरल्या भावानं ही रीत मोडली नव्हती.

यंदा रेणापूरकडच्या आमच्या गावात तलावाकाठी सायकलींसाठी रस्ता झाला. लातूरच्या लोकांना म्हणे निसर्ग बघत सायकल चालवायची होती, म्हणून आधी निसर्गावरच मुरूम टाकला. लव्हाळा गेला, चिखलात चोची खुपसणारे पक्षी गेले. भाऊ तिथंच रोलरवर कामाला होता. पक्ष्यांसाठी कोणी आपली चूल विझवत नाही.

टिटवी मात्र आली. तिला उघडा मुरूमच लागतो; आपल्यासाठीच टाकलाय असं वाटलं असेल बिचारीला. रस्त्याच्या मधोमध तिनं अंडी घातली. भावानं भोवती दगड मांडले आणि तेवढी जागा सोडून तो रोलर फिरवत राहिला. सुट्टीत माहेरी आलेली मी रोज त्याचा डबा घेऊन जायचे. दगड जागेवर दिसले की बरं वाटायचं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी रस्त्याच्या कामावरचे साहेब आले. पिलं निघेपर्यंत थांबा, अशी भावानं विनवणी केली. साहेब शांतपणे म्हणाले, उद्या पाहुणे येणार. तुला जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो. भावानं स्वतःच्या हातानं दगड कडेला ठेवले. टिटवी रोलरपुढं पंख पसरून उभी राहिली आणि अगदी शेवटी उडाली. मी तोंड फिरवलं. मला त्याचा राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. डबा तसाच परत आला.

पुढच्या आठवड्यात घरच्या रानात वखरणी निघाली. मी बांधावर होते. ट्रॅक्टरपुढं टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली. अंडी मलाही दिसली. वखर उचलायला भावाला आता नुसता ट्रॅक्टरचा दांडा ओढायचा होता. मी धावत गेले. त्यानं ट्रॅक्टर थांबवला, पण हात दांड्याकडे नेला नाही.

"उचल ना, भाऊ," मी म्हटलं. "बाबा उचलायचे."

"तिथं रोलर फिरवलाय की म्या," तो म्हणाला. "आता हितं उचलून कुणाला दाखवू?"

त्यानं गियर टाकला. संध्याकाळपर्यंत सगळं रान वखरून झालं. कुठंच तण उरलं नव्हतं.