सरांचे मोकळे हात

चष्मा कपाळावर सरकवायचा, नातेवाइकाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "मी आहे ना!" आमच्या सरांचं हे ठरलेलं. तुम्हीही असे डॉक्टर पाहिले असतील. ते नुसते आले तरी बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसांच्या जिवात जीव येतो.

ठाण्याच्या हॉस्पिटलात मी त्यांच्या थिएटरची सिस्टर. मेंदूचं ऑपरेशन करताना सर एकदम शांत, आणि बाहेर येऊन चहात साखर कमी लागली की आकाशपाताळ एक करणार. वावडं एकाच जमातीचं. मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी सारत मेंदूपर्यंत पोचणारे डॉक्टर! आमच्याकडे असे एक तरुण डॉक्टर होते. सर त्यांना तोंडावर "आमचे प्लंबर" म्हणायचे. तेही बेरकी. "नळ गळायला लागला की बोलवा, सर," म्हणायचे.

मग जवळच्या दिवा गावातली ती मुलगी आली. तिसरीतली. सारखं डोकं दुखतं म्हणून तपासलं, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला. फुटला तर मुलगी हातची जाणार. फुग्याची जागा अशी, की सरांना नुसता चिमटा लावून भागणार नव्हतं. नळीने आतून बंद करावा, तर पुढे रक्त जायला वाट उरत नव्हती, आणि तिचा उजवा हात, पाय, बोलणं सगळं त्या रक्तावर. आधी सरांनी कवटी उघडून रक्ताला दुसरी वाट जोडून द्यायची आणि मग त्या तरुण डॉक्टरांनी फुगा बंद करायचा, हाच मार्ग होता.

सर चिडचिडे झाले. शेवटी स्वतःच जाऊन त्यांनी त्या डॉक्टरांच्या केबिनचं दार वाजवलं.

मुलीच्या आईला सांगायला गेले तेव्हा चष्मा नाकावरच राहिला. "ताई, हे मला एकट्याला जमणार नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, बाई आता कोसळणार. तिने डोळे पुसले. "मग दोघं मिळून करा ना, डॉक्टर. टँकरचं पाणी भरलं की पिंप मी पण एकटी नाय उचलत. शेजारणीला हाक मारते."

त्या काळजीतही मला हसू आलं.

सरांचं काम नीट झालं. पुढचं नळीचं काम सुरू झालं तेव्हा क्ष-किरणांपासून बचावाचा शिशाचा जड एप्रन चढवून सर काचेमागे उभे राहिले. इतकी वर्षं त्या हातांत मी अवजारं दिली होती. आज ते मोकळे होते आणि कुठे ठेवावेत हे सरांना कळत नव्हतं.

"सर, बंद करू?" आतून विचारणा झाली. सरांनी जोडलेली वाट चालली नाही, तर सगळंच संपलं असतं.

"कर रे, बाळा," सर म्हणाले.

सर गेले त्याला आता बरेच दिवस झाले. अशा मुलांसाठी हल्ली दोन्हीकडचे डॉक्टर पहिल्यापासून एकत्र बसून ठरवतात. कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही. ती मुलगी तपासणीला येते आणि डोकं उठेल इतकी बडबडते. मला मात्र सरांची फार आठवण येते, आणि ते आठवतात ते त्या दिवशीचे.

मुलगी शुद्धीवर येत होती. सरांनी तिच्या उजव्या मुठीत आपलं बोट दिलं.

"दाब बघू, सोन्या."

काही नाही. तरुण डॉक्टर खाली मान घालून उभे.

"दाब गं बाळा."

तिने दाबलं. आणि बोट न सोडताच पुन्हा झोपी गेली. खाली ओपीडीत माणसं खोळंबली होती. मी खुर्ची पुढे केली. सरांनी मानेनेच नको म्हटलं आणि तिची झोप मोडू नये म्हणून तसेच वाकून उभे राहिले.