घाटावरचा रोडगा, घाटाखालचा पारखी

पोस्टमनने कार्ड हातात दिलं तेव्हा त्याचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे वाचायच्या आधीच कळलं की कुणीतरी गेलं. आत चारच ओळी. खामगावचे तुळशीराम सोमवारी पहाटे झोपेतच गेले. मी कार्ड उंबऱ्याबाहेर उभं राहूनच वाचलं, रिवाजाप्रमाणे घरात न नेता फाडून टाकलं, आणि खरं सांगतो, तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. पंधरा वर्षं आमचं एक भांडण रंगलं होतं आणि हा गृहस्थ ते अर्ध्यात टाकून उठून गेला होता. आता त्याला दीड महिना झाला. राग कधीच गेला. लिहायला बसलो की हसूच येतं, आणि तुळशीरामवर लिहिताना हसू आलं तर त्याची काही हरकत नसावी.

भांडण रोडग्यांचं होतं. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, रोडगा म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचा गोळा. तो गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा, गरम राखेत पुरून ठेवायचा, मग राख झटकून, फोडून, वर तूप ओतून वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर आणि तुरीच्या वरणाबरोबर खायचा. हे काम बाप्यांचं, आणि जागा गावाबाहेरच्या मारुतीची नाहीतर शेताची. नवस फेडायला रोडगे करतात, म्हणून देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी कणभरही चाखून बघायचं नाही. आणि आमच्या जिल्ह्याचे डोंगराने दोन तुकडे केलेत, घाटावर आणि घाटाखाली. बोली वेगळी, पाणी वेगळं, तसा रोडगाही वेगळा. मी घाटावरचा, देऊळगाव राजाचा. तुळशीराम घाटाखालचा, खामगावचा. एवढं सांगितलं म्हणजे भांडणाचं कारण पुरेसं झालं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास माझी मास्तरकीची बदली खामगावला झाली आणि तुळशीराम शेजारी मिळाला. एका जिनिंगमध्ये तो कापूस पारखायला होता. चिमटीत बोंडाचा कापूस धरायचा, दोन्ही हातांनी हळूच ओढायचा, आणि तो किती लांबीचा, किती ओला, कुणी पाणी मारलंय का, सगळं उभ्या उभ्या सांगायचा. शेठ त्याला गावोगाव पाठवायचा. जिथे जाईल तिथे कुणाच्या तरी शेतात रोडगे लागलेले असायचे आणि पारख्याला आग्रह व्हायचा. त्यामुळे साऱ्या जिल्ह्याचे रोडगे त्या माणसाच्या पोटात गेले होते. पहिल्याच भेटीत त्याने मला विचारलं की तुमच्या देऊळगावात रोडग्याला पदर किती सोडता. मी म्हटलं, पदर कशाला, आमच्याकडे गोळ्याला अंगठ्याने खळगा पाडतात, त्यामुळे आतपर्यंत आच पोचते. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गंजीत काडी टाकलीय. "मास्तर," तो म्हणाला, "खळगा तं कणकीच्या दिव्याले पाडतेत."

घाटाखालची पद्धत अशी की लहान लहान पाऱ्या लाटायच्या, एकेकीला तेल लावून एकावर एक ठेवायच्या आणि वरून मोठ्या पारीने सगळ्यांना पोटात घ्यायचं. भाजल्यावर फोडला की पदर सुटे होतात. दिसायला देखणा, हे मी आजही मान्य करतो. पण आमचा रोडगा भरीव, त्यात ओवा, आणि खळग्यात तूप असं मुरतं की… जाऊ द्या, पुन्हा सुरू होईल. लोणारकडे तर तिसरीच तऱ्हा. तिकडे एकदा आम्ही दोघं बसने गेलो होतो. सरोवराच्या वरच्या एका शेतात पळसाच्या पानांत चपटे पानगे थापून भाजले होते. मला फार आवडले. पानाचा हिरवा वास पिठात उतरला होता. तुळशीरामने दोन खाल्ले, तिसरा मागून घेतला आणि चौथा हातात असताना निकाल दिला की हे खायला बरं आहे, पण हा रोडगा नव्हे, ह्याला रोडग्यांच्या पंगतीत बसवता येणार नाही. परतीच्या गाडीत त्यावरून आम्ही इतके भांडलो की कंडक्टरने आमच्या मधे एक टोपलीवाली बाई आणून बसवली. बाई मेहकरची निघाली आणि तिने दोघांनाही वेड्यात काढून मेहकरचे रोडगे कसे असतात ते सांगायला सुरुवात केली.

त्याची पारखायची रीत ठरलेली. रोडगा हातात घेऊन बोटाच्या पेराने टकटक करायची, कान लावायचा. मग फोडायचा, वाफेचा वास घ्यायचा, आणि पहिला घास कोरडा, ना तूप ना वरण. डोळे मिटून चावायचा. तोवर सगळी पंगत हात आखडून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. मग एकच वाक्य यायचं. "भाजला बरा, पन घाई दिसते." "गोवरी ओली होती." झालं, त्यावर अपील नाही. लोक त्याला घाबरायचे आणि तरी बोलवायचे, कारण तो खोटं बोलत नसे. सासऱ्याच्या नवसाच्या पंगतीत, साठ माणसांदेखत, त्याने सांगितलं की रोडगा मधे कच्चा आहे. सासरा वर्षभर बोलला नाही. गंगावहिनी, म्हणजे तुळशीरामची बायको, तिने त्याबद्दल त्याला काय ऐकवलं असेल ते मला भिंतीपलीकडून अर्धं ऐकू आलंच होतं. त्याचं म्हणणं इतकंच, की कापसाच्या बाबतीत खोटं बोलायला शेठ सांगतो तेव्हाही मी बोलत नाही, मग रोडग्याच्या बाबतीत फुकटात कशाला बोलू.

अशा माणसाकडून मला एक वाक्य हवं होतं. घाटावरचा रोडगा चांगला, एवढंच. पंधरा वर्षांत ते मिळालं नाही. माझी बदली परत देऊळगावला झाली, तो दरवर्षी बालाजीच्या यात्रेला यायचा, मी दरवर्षी रोडगे लावायचो, आणि दरवर्षी तो डोळे मिटून चावायचा आणि म्हणायचा, "गेल्या सालापेक्षा बरा." बायको मला हसायची. मला ते हसण्यावारी नेता यायचं नाही. शाळेतली पोरं गणितात नापास झाली तर मी विसरायचो, पण तुळशीरामचा शेरा वर्षभर डोक्यात घोळायचा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं, सुमनचं लग्न जालन्याला ठरलं. स्थळ चांगलं जुळलं तर रोडगे करीन असा मारुतीला नवस होता. व्याही किराणा दुकानदार, बोलायला सरळ, पण मानपानाच्या बाबतीत काटेकोर. त्यांनी रोडगे कधी खाल्ले नव्हते. पहिल्यांदाच आमच्या गावी येणार, घरची सात-आठ माणसं घेऊन. आपल्याकडे काही कमी पडलं तर उद्या पोरीला ऐकून घ्यावं लागेल ही एकच धास्ती मला होती. त्यात तुळशीरामची काळजी वेगळी. उन्हाळ्यात तो मोठ्या तापातून उठला होता. पत्रात लिहिलं होतं की तोंडाची चव पार गेली, वहिनीचा ठेचासुद्धा मातीसारखा लागतो. तरी दिवाळीनंतर तो आला. अर्धं पोतं पीठ घेऊन बसमधून उतरला, कारण घाटावरच्या चक्कीवाल्यांना रोडग्याचं पीठ दळता येत नाही अशी त्याची खात्री होती.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे. खामगावात त्यांच्या घरी मीठ पिठातच मिसळून ठेवतात. आमच्या घरी मीठ पाण्यात विरघळवून त्या पाण्याने पीठ मळतात. पीठ खामगावचं आलंय म्हटल्यावर मीठ त्यातच असणार, असं धरून मी साधंच पाणी घेतलं. चाखून बघायची तर देवाची बंदी. तुळशीराम तेव्हा पलीकडे व्याह्यांना गोवऱ्या कशा रचायच्या ते शिकवत होता. ऐंशी-नव्वद रोडगे भाजून निघाले, नैवेद्य झाला, पत्रावळी मांडल्या. मी पहिला रोडगा तुळशीरामसमोर ठेवला आणि व्याह्यांना सांगितलं की हे आमच्या जिल्ह्याचे पारखी, ह्यांच्या तोंडून निकाल येईपर्यंत इथे कुणी जेवत नाही. व्याही कौतुकाने बघायला लागले.

टकटक झाली. वास झाला. कोरडा घास झाला. ह्या वेळी डोळे जरा जास्तच वेळ मिटलेले राहिले. मग तो व्याह्यांकडे वळला, माझ्याकडे नाही. "पावनं," तो म्हणाला, "म्या साऱ्या जिल्ह्याचे रोडगे खाल्ले. मास्तराच्या हातचा सगळ्यात चांगला. आमच्या खामगावले असा होत नाही."

मला काय झालं ते कसं सांगू… पंधरा वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य साऱ्या गावासमोर, व्याह्यांसमोर आलं.  मी लगेच घास घेतला, आणि मीठ नाही. थोडं कमी नव्हे, अजिबात नाही. मी मान वर केली. समोरच्या चाळीस माणसांच्या तोंडात तोच घास होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या चुलतभावाने मीठ मागायला हात वर केला, मी डोळ्यांनी खाली करवला. कारण मला त्या क्षणी एकच गोष्ट कळली होती. तुळशीरामची जीभ गेली आहे. आता कुणी मीठ मागितलं तर त्या माणसाची जन्माची पारख इथे पंगतीत धुळीला मिळणार. माझ्या गावच्या लोकांचं मला अजून नवल वाटतं. एकाने दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि चाळीस माणसांनी अळणी रोडगे भाजीत बुडवून बुडवून निमूटपणे खाल्ले. व्याह्यांनी तर आणखी दोन घेतले. म्हणाले, हे बरं आहे, रोडग्यात मीठ नसलं म्हणजे भाजीची चव कळते, जाणकारांची गोष्टच वेगळी.

पंगत उठल्यावर मी मारुतीच्या मागे जाऊन डोळे पुसले, आणि ठरवलं की ह्यापुढे तुळशीरामशी भांडायचं नाही. चव गेलेल्या माणसाशी चवीवरून काय भांडणार. पत्रातून तो नेहमीसारखा टोचायचा, मी लिहायचो, तुमचंच बरोबर आहे. त्याने एकदा विचारलं, मास्तर, तब्येत बरी आहे ना, भांडत काऊन नाही? मी लिहिलं, वय झालं. शेवटची भेट खामगावच्या बसस्टँडवर झाली. गाडीला वेळ होता. त्याने मुद्दाम काढलं की घाटावरचे रोडगे जोत्यात घालायला बरे, दगड आणायचा खर्च वाचतो. दुसरी कुठली वेळ असती तर मी गाडी सोडली असती पण त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, खरं आहे बाबा तुझं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग गाडी लागेपर्यंत आम्ही दोघं कापसाच्या भावाविषयी बोललो, परकी माणसं बोलतात तसं.

तेरावं झाल्यावर मी गंगावहिनीजवळ बसलो. वाटलं, आता सांगायला हरकत नाही. तिला सांगितलं की त्याची चव गेलेली आम्हाला कळली होती, पण चाळीस माणसांनी ती झाकली, त्याला पत्ता लागू दिला नाही. वहिनी ऐकता ऐकता पदर तोंडाशी नेऊन हसायला लागली. दीड-दोन आठवड्यांत ती पहिल्यांदा हसत असावी. "भाऊजी, कोनाची चव गेली होती? तापात गेलेली चव दिवाळीच्या आंधीच आली वापस. त्या दिसी घरी आले अन् पयले मीठ टाकून तांब्याभर ताक पेले. मले म्हने, मास्तरानं मीठच नाई टाकलं." पिठात मीठ तिने टाकलंच नव्हतं. तुळशीरामनेच तिला बजावलं होतं की मास्तरचे रोडगे आहेत, मास्तरच्या रीतीने होऊ दे, तो पाण्यात घालतो.

मी विचारलं, मग तो बोलला का नाही? "म्या बी तेच इचारलं," वहिनी म्हणाली. "तं म्हने, व्याह्यासमोर सांगू काय? पोरीले जलमभर आयका लागलं असतं." आणि मग तिने पुढचं सांगितलं. घरी आल्यापासून तो मला हे ऐकवायला टपून बसला होता. मी पहिल्यासारखा भांडायला उठलो की ऐन रंगात ते मीठ काढायचं, असं त्याने ठरवून ठेवलं होतं. प्रत्येक पत्र आलं की वहिनीला म्हणायचा, पाह्य, आज भांडते का तो. दीड वर्ष तो वाट बघत राहिला, आणि मी दीड वर्ष त्याच्याशी चांगला वागत राहिलो. ह्याची मला आजही फार चुटपुट लागते. आयुष्यात एकदाच तो रोडग्याच्या बाबतीत खोटं बोलला ते माझ्या लेकीसाठी, आणि त्याबदल्यात मी त्याचं भांडण काढून घेतलं.

गेल्या आठवड्यात सुमनकडे जालन्याला गेलो होतो. तिच्या सासऱ्यांनी आता अंगणात गोवऱ्या रचायची हौस लावून घेतलीय. सणावाराला पाहुण्यांना बोलावून रोडगे घालतात, अंगठ्याने खळगा पाडलेले, आणि अगदी निक्षून अळणी. कुणी कुरकूर केली तर त्याला सांगतात की खामगावच्या एका मोठ्या पारख्याने ह्या रोडग्याला जिल्ह्यात पहिला ठरवलाय, आम्ही समोर होतो. सुमनला सगळं माहीत आहे, पण बोलत नाही. त्यांनी पहिला रोडगा माझ्या पानात ठेवला आणि पोरासारखे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी फोडला, एक घास कोरडाच खाल्ला. म्हटलं, "अगदी तसाच जमलाय."