आत्तींचं विसरणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माहेरी नाही, ह्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही.

मी शहरात, शाहूपुरीत वाढले आणि लग्न होऊन गारगोटीजवळच्या मळ्यातल्या घरात आले. हे मस्कतला क्रेन चालवायचे. घरात मी आणि सासूबाई — त्यांना मी आत्ती म्हणते. धारा काढायच्या त्या, डेअरीला दूध घालायच्या त्या, बाजारही त्यांचाच. मला काय होतं? स्वयंपाक, आणि वाट बघणं. अधूनमधून मी ह्यांची मोटरसायकल किक मारून चालू करायचे. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगायचे. खरं तर तो आवाज ऐकला की वाटायचं, आत्ता बांधावरून आपला माणूस घरी येतोय. गाडी बंद केली की घर आणखीनच रिकामं व्हायचं.

आत्ती वाईट होत्या का? छे. मी जेवताना गप्प असले की काही न विचारता ताटात लोण्याचा गोळा टाकायच्या.

एका संध्याकाळी त्यांनी दूध तापत ठेवलं, “बघ गं जरा,” म्हणाल्या आणि घरामागच्या परड्यात गेल्या. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. करार वाढवून घेतोय म्हणाले. फोन ठेवून मी गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिले — किती वेळ, देव जाणे. आत पातेलं जळून काळं झालं, शेजारचं फडकं पेटलं. आत्तींनीच धावत येऊन पाणी ओतलं. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना फोनवर सांगितलं, “आत्ती विसरायला लागल्यात. काल दूध ठेवून तशाच निघून गेल्या. घर पेटलं असतं.”

ठरवून बोलले का? तोंडातून गेलं म्हणू? नको. बोलताना मला माहीत होतं, हे ऐकून माणूस तिथं थांबणार नाही.

हे आले, नोकरी सोडूनच. आणि चांगल्या मुलानं करावं ते सगळं त्यांनी केलं. आत्तींना गॅसजवळ जाऊ देईनात, दुधाची किटली हातातून घेतली, बाजार बंद केला. डॉक्टर म्हणाले, तसं काही दिसत नाही. ह्यांना पटलं नाही — रोज घरात असणारी मी होते ना.

आत्ती आधी खूप भांडल्या. “माझं डोस्कं ठिकाणावर हाय! म्हशीला इचार की, कुणाच्या हाताला पान्हा सोडती ती!” हे हळू आवाजात म्हणायचे, “आई, तू बस. मी करतो.”

मग एका दुपारी हे शेतात गेले असताना आत्ती माझ्याजवळ येऊन बसल्या. मी शेंगा सोलत होते.

“पोरी, खरं सांग. त्या दिवशी दूध बघ म्हणून मी तुला सांगितलंतं की न्हाय?”

मला खरं बोलायची वाट करून द्यायलाच जणू विचारत होत्या. एक ‘व्हय’ म्हटलं असतं तर? हे चिडले असते. कदाचित परत गेले असते.

“न्हाय आत्ती,” मी म्हटलं, “तुम्ही काय बोलला न्हाईसा.”

त्यांनी माझ्यापुढची एक शेंग उचलून सोलली. मग म्हणाल्या, “आसंल बाई.”

पहिला खोटेपणा एकटेपणानं केला म्हणावं, तर हा दुसरा? तेव्हा तर हे घरी परत आले होते.

त्यानंतर आत्ती भांडल्या नाहीत. आता कडी लावली की पुन्हा जाऊन बघतात. आसपासच्या मळ्यांतली माणसं त्यांच्याशी लहान पोराशी बोलावं तशी मोठ्यानं बोलतात, आणि त्या मान डोलावतात. हे इथंच जेसीबी चालवतात, रोज घरी जेवतात. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

काल मी आत्तींना म्हटलं, आज भाजी तुम्ही करा. फोडणी अगदी पूर्वीसारखी दिली त्यांनी. मग पातेल्यावर हात तसाच थांबला.

“मीठ घातलं का गं मी?”

मीठ त्यांच्या मुठीतच होतं.

“न्हाय आत्ती. घाला,” मी म्हटलं. तेवढंच म्हटलं.