घरमालकांची बैठक

बसणं माणसाला जन्मतःच येतं, असं बाकीचं जग समजतं. आमच्या घरमालकांच्या मते ते शिकावं लागतं, आणि नव्यानं झालेल्या अख्ख्या लातूर जिल्ह्यात ते नीट येणारा माणूस एकच होता, तो म्हणजे ते स्वतः. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फौजेत मोटारसायकलवरून टपाल पोचवण्यात घालवली होती. त्यामुळे ते बाजेवर बसोत, न्हाव्यापुढं बसोत की लग्नाच्या पंगतीत, कंबर ताठ, खांदे सैल, कोपरं किंचित वाकलेली आणि नजर समोरच्याच्या डोक्यावरून पार पलीकडं. पंगतीत शेजारच्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "पाव्हणं, पोक काढा. वरण घशात अडकंल." येस्टीत चढले की ड्रायव्हरच्या मागचीच जागा धरायचे आणि औसा येईपर्यंत त्याची मनगटं, मांड्या आणि मान दुरुस्त करत राहायचे. एकदा एका ड्रायव्हरनं वैतागून त्यांना मधेच उतरवलं. तिथून ते भर उन्हात चालत घरी आले आणि बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, अभिमानानं म्हणाले, "उतरवलं खरं, पर जाताना ताठ बसला व्हता गडी."

मी मूळची मुदखेडची. लातूर जिल्हा झाला तशा कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, जागाही नव्या निघाल्या आणि मला आरोग्यसेविकेची नोकरी लागली. खोली शोधायला गेले तेव्हा मात्र सगळं जुनंच निघालं. लोक आडनाव विचारत, मी सांगत असे, आणि खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असे. या घराच्या दारात उभी राहिले तेव्हा मालकांनी मला टाचेपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मी आडनाव ओठांवर आणून ठेवलं होतं. ते म्हणाले, "गाडी चालवती का?"

"नाही."

"मग शिकावं लागंल. उंचीला बारकी हाय, पर जमतंय."

एवढ्यावर खोली मिळाली. आडनाव त्यांनी नंतरही कधी विचारलं नाही.

गाडी शिकणं मलाही भागच होतं. पावसानं दडी मारली होती. माझ्या वाट्याची गावं डांबरी रस्त्यापासून लांब आत, आणि तिथं टँकर ज्या विहिरींत पाणी ओतत त्यांत औषध टाकायचं, हगवणीचे रोगी हुडकायचे, हे माझं काम. पायी एका गावाला जाऊन यावं तोवर दुसऱ्या गावातली विहीर लोकांनी खरवडून नेलेली असे. शेवटी थोरल्या भावानं त्याची जुनी, लहान इंजिनाची मोटारसायकल अर्धापूरहून येणाऱ्या केळीच्या ट्रकात टाकून पाठवली. पुढं कितीतरी दिवस तिच्या सीटला पिकल्या केळ्यांचा वास होता.

मला वाटलं, आता किक मारायची आणि निघायचं. घरमालकांनी किल्ली आधी स्वतःच्या खिशात घातली. "गाडी तुझ्या अंगाला बसली पायजे, मग तू गाडीवर बस," असं म्हणून त्यांनी ती अंगणात उभी केली आणि पाने काढले. सीटचा फोम काकूंच्या विळीनं इतका तासला, की माझे दोन्ही चवडे जमिनीला नीट टेकू लागले. हँडल सैल करून माझ्याकडं वळवलं. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या खाली झुकवल्या, का, तर हात पुढं केला की बोटं आपसूक त्यांवर पडली पाहिजेत, मनगट मोडायचं काम नाही. पायाचा ब्रेकही खाली घेतला. मग माझ्या साडीकडं बोट करून म्हणाले, "पदर चेनीत गेला, तर इंजिन इचारत बसणार न्हाई." स्वतःची जुनी फौजी पँट त्यांनी काकूंपुढं टाकली. काकूंनी ती उसवली आणि माझ्या मापाची शिवली.

त्यानंतर उभ्या गाडीवर बैठक सुरू झाली. माझा गुडघा आणि टाकी यांच्यामध्ये ते रात्रीची कडक भाकरी ठेवत, दोन्हीकडं एकेक. पडली तर मांडी ढिली, मोडली तर मांडी ताठ. दुष्काळात अन्नाची नासाडी नको, म्हणून तालीम संपली की त्या भाकऱ्या ते स्वतः चटणीशी खात. "हँडल आवळू नगं. ओलं मडकं धरावं तसं धर. आन् चाकाकडं बघू नगं, बघशील तर तिथंच पडशील." गल्लीतली माणसं कुंपणाशी गोळा होत. एक म्हातारी रोज येऊन थांबायची. शेवटी तिला राहवलं नाही. "गाडी चालत न्हाई व्हय रं ही?" तिनं विचारलं. घरमालक म्हणाले, "चालंल की. आदी हिला बसाय तर येऊ द्या!"

गाडी चालली आणि मी गावोगाव हिंडू लागले. एका दुपारी आतल्या एका गावात एक बाळंतीण सापडली. रात्रीपासून हगवण, डोळे खोल गेलेले, नाडी बोटाला जेमतेम लागत होती. बैल सगळे चारा-छावणीत, टँकर येऊन गेलेला. तिची सासू म्हणाली, "बाई, तुमच्या गाडीवर न्या." मी एकटीसुद्धा अजून चाचपडतच चालवत होते. पण दुसरा इलाज नव्हता. सासूनं लेकरू स्वतःपाशी ठेवून घेतलं आणि सुनेला लुगड्यानं माझ्या पाठीशी घट्ट बांधलं.

वाट म्हणजे टँकरनं पाडलेल्या चाकोऱ्या आणि त्यांत घोटाभर फुफाटा. मागच्या ओझ्यानं पुढचं चाक हलकं झालं आणि हँडल थरथरायला लागलं. मी घाबरून ते आवळलं, तशी गाडी अधिकच डुलली. समोरून टँकर येत होता. तेव्हा माझ्या कानात घरमालकांचा आवाज नव्हता, काहीच नव्हतं. गुडघेच आपण होऊन टाकीला चिकटले, बोटं सैल झाली, आणि नजर वर उचलली गेली ती टँकरच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीवर. गाडी त्या पट्टीतून सरळ निघाली. डांबरी लागली तेव्हा मागून क्षीण आवाज आला, "ताई, आलं का?" दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं. दिवेलागणीला तिला तरतरी आली आणि ती म्हणाली, "माझं लेकरू आना."

घरी येऊन सगळं सांगितलं. घरमालकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागं बसवायच्या आदी चाकात हवा वाढवली व्हती का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? आले."

ते उठून अंगणात गेले. धुळीनं भरलेली टाकी उपरण्यानं पुसत माझ्याकडं पाठ करून बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या मागं सुतळीनं हवेचा पंप बांधलेला होता.

पुढं माझी नांदेडला बदली झाली आणि भोकरकडची गावं वाट्याला आली. तिथंच निरोप मिळाला, की घरमालक दुपारचे बाजेवर बसल्या बसल्याच गेले. मी गाडी काढून लातूरला पोचले. काकू ओसरीत एकट्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले, आणि घरमालकांनी मला कसं शिकवलं तेच बोलत राहिले. 

"समद्या गल्लीला शिकवलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "मला मातर कदी मागंसुद्धा बसवलं न्हाई. त्यांच्या ध्यानातच आलं न्हाई बग." आवाजात तक्रार नव्हती. थोड्या वेळानं त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "एक चक्कर आनती का मला?"

त्या मागं बसल्या. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. गल्ली संपली, औशाचा रस्ता लागला.  डोक्यावरचा पदर वाऱ्यानं खाली आला, तो त्यांनी सावरला नाही. मग माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "जरा जोरात घे की गं."