कल्हई उडालेलं पातेलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. मग तुम्हांलाच का? परवा एकजण माझ्यासमोर म्हणाला, खेड्यातल्या बायकांचे हात घाण, त्यांचं दूधताक घ्यावं कसं? आणि मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा.

लोणावळ्याला स्टेशनाजवळच्या खानावळीत मी स्वयंपाकी होतो. चौथीत शाळा सुटली, घर राहिलं राजापूरकडे. मालकांनी — आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो — ठेवून घेतलं, अंगावर कपडा दिला. ते उपकार मी आजही नाकारत नाही. पण म्हणून काय काय करायचं माणसानं?

त्या पावसाळ्यात कढीच्या पितळी पातेल्याची कल्हई उडाली. आतून पिवळं दिसायला लागलं. त्यात आंबट ठेवलं की कळकतं, बाधतं — हे कुठल्या घरात माहीत नसतं? मी भाऊंना दोनदा सांगितलं. "एवढ्या पावसात कल्हईवाला कुठून आणू? रुखवत मांडायचंय का तुला? चिंचेनं घास, झालं." मी घासलं. लख्ख दिसलं. सकाळची कढी रात्रीच्या जेवणापर्यंत त्यातच राहिली — आणि अकरा गिऱ्हाइकं उलट्यांनी आडवी झाली.

सकाळी म्युनिसिपालिटीचे इन्स्पेक्टर आले. तोवर ते पातेलं मी न्हाणीत नेऊन ठेवलं होतं, आंघोळीच्या पाण्यानं भरून. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. साहेबांनी विचारलं, कढी कशात केली? मी दुसरं, पांढरंशुभ्र पातेलं दाखवलं. ताक कुणाचं? मी दाराकडे बोट केलं.

दारात भाजे गावची ताकवाली मावशी मडकं उतरवत होती. रोज पहिला पेला ती मला फुकट द्यायची — "घे बाबा, घर लांब हाय तुजं." मडकं धुऊन चुलीच्या धगीवर वाळवणारी बाई ती. आमचं ताटं पुसायचं फडकं आठ-आठ दिवस पाणी बघत नव्हतं! साहेब न्हाणीत डोकावले नाहीत. तिचे हात मात्र उलटेपालटे करून, नखं दाबून पाहिली.

"आरं, तूच सांग की सायबास्नी," ती म्हणाली. "काल पयला पेला तूच पिलास. तुला काय झालं व्हय?"

भाऊ माझ्याकडे बघत होते.

"मी ताक पीत नाही," मी म्हणालो.

ताक गटारात ओतलं गेलं, आणि लोणावळ्यातल्या एकाही खानावळीनं तिला पुन्हा दारात उभं केलं नाही. पाऊस उघडल्यावर पातेल्याला कल्हई झाली. भाऊंनी मला नवं धोतर आणलं.

मी ते नेसलो.